सबस्टेशनशेजारी सोलार प्लांट आला, दिवसा लाईट आली, पण विहिरीवर व्होल्टेज नाही

सीनाकाठ
सोमवार, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय कारण घरात रोज या विषयावर वाद चाललाय.

गाव मोहोळ तालुक्यात. मी चिंचोळी एमआयडीसीत कामाला, रोज ये-जा. शेती आप्पा (वडील) आणि चुलते बघतात. साडेतीन एकर ऊस, बाकी ज्वारी-कांदा. विहिरीवर पाच एचपीची मोटार.

आमच्या सबस्टेशनला लागून गायरानात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला २ मेगावॅटचा प्लांट उभा राहिला आणि चालू झाला. आधी शेतीच्या फीडरला (सबस्टेशनवरून निघणारी लाईन) एक आठवडा दिवसा आठ तास आणि पुढचा आठवडा रात्री दहा तास लाईट असायची. आप्पा रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. २०२० च्या डिसेंबरात करमाळ्याकडं नरभक्षक बिबट्या फिरत होता, तेव्हा आई पहाटेपर्यंत ओसरीवर बसून असायची. आता थ्री फेज दिवसा असते. हे सुख काय असतं ते रात्रीचं पाणी दिलेल्यालाच कळतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार व्होल्टेजची आहे. आप्पांनी जुन्या पंचांगाच्या पाठकोऱ्या पानांची वही केलीय. स्टार्टरच्या पेटीतला काट्याचा मीटर कधीच गेलाय (पेटीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय, आप्पा ते काढू देत नाहीत), म्हणून मी मल्टिमीटर आणून दिला. प्लांट यायच्या आधी दुपारी फेज-टू-फेज २८५ ते २९० मिळायचं. आता ३०५, फार तर ३१०. पाहिजे ४१५. चौदा महिन्यांत मोटार दोनदा जळाली, रिवाइंडिंगवाला आता आप्पांना बघितलं की चहा सांगतो.

गावात सगळ्यांना वाटलं होतं की प्लांट इथंच आलाय, आता फुल लाईट. पोरं तर म्हणत होती की विहिरीवरचे बल्ब उडतील. मग ही वीज जाते कुठं? की आम्हीच काही चुकीचं समजतोय?

---

लोडशेडिंग_बारमाही
सोमवार, रात्री ९:५८

दिवसा लाईट येते तरी धागा काढणारा पहिला शेतकरी बघितला. पेढे कुठायत?

---

कडबागंजी
सोमवार, रात्री १०:२०

आम्ही मंगळवेढ्याचे. आमचं काळं रान, ज्वारीला पाणी लागत नाही, वरून पडतं तेवढ्या ओलीवर मालदांडी येती. त्यामुळं मोटारीचं दुखणं आम्हाला कमी. पण या प्लांटचं एक मला माहीत आहे, ते सांगतो.

आमच्या पाहुण्यांनी माळाची जमीन या योजनेला भाड्यानं दिली. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. त्या माळावर कुसळं आणि होले याशिवाय काही नव्हतं. ग्रामपंचायतीलाही वर्षाला पाच लाख असे तीन वर्षं मिळतात. म्हणजे गावाला पैसा मिळतो, शेतकऱ्याला दिवसा लाईट मिळते. वाईट काहीच नाही.

पण सीनाकाठभाऊंचा प्रश्न बरोबर हाय. जमीन आमची, ऊन आमचं, मग पहिली वीज आम्हाला का नको? पहिला घास घरच्याला मिळाला पाहिजे का नको?

---

पूर्वभाग
सोमवार, रात्री १०:३१

काय बे हे! मी सोलापूर शहरातला, घरात यंत्रमाग. लाईट गेली की टॉवेल अर्धा राहतो, त्यामुळं विषय जवळचा.

मजा बघा की. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाईन चालू झाली, आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाला जोडली गेली. ती गाठ आपल्या सोलापुरात बांधली. इकडं दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचे ६६० चे दोन संच उभे, १३२० मेगावॅट. आख्ख्या देशाची वीज आपल्या डोक्यावरून जाते आणि मोहोळात आप्पांना ३०५ व्होल्ट!

---

जुना_ऑपरेटर
मंगळवार, सकाळी ६:१५

पूर्वभाग, डोक्यावरून जाणाऱ्या विजेचा विहिरीशी संबंध नसतो. उजनीचं पाणी कालव्यानं गावाच्या शिवेवरून जातं म्हणून प्रत्येकाच्या वाफ्यात पोचतं का? चारी फुटलेली असेल तर नाही पोचत. विजेचं तसंच आहे.

सीनाकाठ, तू आकडे दिलेस म्हणून लिहायला बसलो. नाहीतर लोक ‘व्होल्टेज नाही’ म्हणतात आणि थांबतात. मी सबस्टेशनवर ऑपरेटर होतो. वीज मंडळात लागलो, २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, कंपनीतून निवृत्त झालो. दर तासाला लॉगशीटवर व्होल्टेज आणि अँपिअर लिहिण्यात हयात गेली.

सबस्टेशनकडं येणाऱ्या ३३ केव्हीच्या लाईनीपासून तुझ्या विहिरीपर्यंत व्होल्टेज तीन ठिकाणी मरतं. पहिलं ३३ केव्हीच्या लाईनीत आणि सबस्टेशनच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये. दुसरं ११ केव्हीच्या फीडरवर, सबस्टेशन ते डीपी (रानातला ट्रान्सफॉर्मर). तिसरं डीपी ते विहीर, एलटीच्या म्हणजे लघुदाबाच्या तारेवर. आता तुमचा प्लांट कुठं जोडलाय? सबस्टेशनच्या ११ केव्ही बसवर, म्हणजे जिथून सगळे फीडर निघतात त्या पट्टीवर. म्हणजे फक्त पहिली वाट हलकी झाली. आधी तो सगळा लोड ३३ च्या लाईनीतून ओढला जायचा, आता दुपारी त्यातला मोठा भाग शेजारच्या कुंपणातून येतो. त्यामुळं बसचं व्होल्टेज सुधारलं, आणि आप्पांच्या वहीत जे वीसेक व्होल्ट वाढले ते इथून आले. बसच्या पुढं मात्र तार तीच आणि करंट तेवढाच. करंट कोळशाचा आहे की उन्हाचा, हे फीडरला काय कळतं?

कडबागंजी, पहिला घास घरच्यालाच मिळतो, तो कुणी सांगावा लागत नाही. वीज जवळच्या लोडकडंच जाते. तुमच्या प्लांटची दुपारची वीज त्याच सबस्टेशनच्या फीडरांवर खपते, वर फारशी जातच नाही. घास पोचतो, पण वाटेत सांडतो.

सांडतो किती, त्याचं गणित संध्याकाळी लिहितो. आता देवपूजा.

---

डाळिंबबाग
मंगळवार, सकाळी ११:०५

काकांच्या गणिताची वाट बघतेय, तोवर माझं उलटं दुखणं ऐका.

आम्ही सांगोल्याकडचे, डाळिंबाची बाग. घर गावठाणात. घरावर ३ किलोवॅटचं सोलार बसवलं, पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८ हजार अनुदान आलं. छान चाललं होतं. पण उन्हाळ्यात बरोबर दुपारी बाराला इन्व्हर्टर बंद पडतो, दहा मिनिटांनी चालू होतो, परत बंद. ॲपवर लाल अक्षरात ओव्हरव्होल्टेज लिहून येतं. ऊन सगळ्यात जास्त तेव्हाच यंत्र रुसतं. बसवणारा म्हणतो ग्रीडचा दोष, वायरमनदादा म्हणतात यंत्राचा दोष. बागेत ३०५ चं रडं आणि घरात जास्त झालं म्हणून रडं, एकाच गावात असं कसं?

---

एकच_प्रश्न
मंगळवार, दुपारी १२:४०

बॅटरी का नाही लावत सरळ?

---

लोडशेडिंग_बारमाही
मंगळवार, दुपारी १२:४४

लावू की. ऊस विकून आलेल्या पैशात बॅटरी आणि बॅटरी चार्ज करायला ऊस विकून सोलार.

---

टेलएंड
मंगळवार, सायंकाळी ५:१०

मी पुण्यात असतो, मूळचा बार्शीचा. शिक्षण वीजवितरणातलं, म्हणून थोडी भर.

सूर्याची वीज वितरणाच्या जाळ्याला टेकू म्हणून वापरायची कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियात कर्मन नावाच्या गावी १९९३ मध्ये ५०० किलोवॅटचा प्लांट मुद्दाम एका ग्रामीण फीडरला आधार म्हणून बांधला होता. तिथं प्रश्न हाच होता की दुपारी पंप आणि वातानुकूलन यंत्रं सुरू झाली की सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर तापतो, त्याला दुपारीच हात देणारं काही सापडेल का. आपल्याकडं उत्तर प्रदेशात अलीगढ जिल्ह्यातल्या कल्याणपूरला नव्वदच्या दशकात १०० किलोवॅटचा प्लांट ग्रामीण लाईनीला जोडला होता. पुढं २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या टप्प्यात १०० किलोवॅट ते २ मेगावॅटचे छोटे प्लांट ३३ केव्हीच्या खालच्या जाळ्याला जोडायचा कार्यक्रम आला. त्यात ‘टेल एंड’ (लाईनीचं शेपूट) हा शब्द सारखा यायचा, माझं टोपणनाव तिथलंच.

शेपटाला प्लांट लावला तर वीज उलट्या दिशेनं, शेवटाकडून मध्याकडं खपत येते. तारेवरचा करंट घटतो, व्होल्टेज सावरतं, गळतीही कमी होते. सबस्टेशनच्या कुंपणाला लावलेल्या प्लांटला फायदे आहेत (जोडणी स्वस्त, राखण सोपी, वेगळी लाईन ओढावी लागत नाही), पण तो फीडरच्या टोकाला मदत करत नाही. २०१९ च्या कुसुम योजनेतल्या ‘अ’ घटकात ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचे प्लांट शेतकरी स्वतः किंवा गटानं उभारू शकतात, आणि तिथंही जोडणी सबस्टेशनच्या आसपासच होताना दिसते.

डाळिंबबाग ताई, तुमचंही हेच तत्त्व आहे, फक्त उलट्या बाजूनं. वीज ज्या टोकाला ओतली जाते तिथलं व्होल्टेज चढतं. नियमाप्रमाणं इन्व्हर्टरला ग्रीडचं व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेलं की दोन सेकंदांत सुटावं लागतं. २३० च्या हिशोबानं २५३ च्या वर नाही आणि १८४ च्या खाली नाही. दुपारी गावठाणात लोड कमी, माणसं रानात, तुमचं ३ किलोवॅट एकाच फेजवर, आणि कदाचित त्याच फेजवर अजून दोघांचं सोलार. मग २५३ ओलांडायला वेळ लागत नाही.

---

जुना_ऑपरेटर
मंगळवार, रात्री ८:३०

टेलएंडनं बरोबर सांगितलं. ताई, वायरमनला सांगा की तुमच्या डीपीवर कुठल्या फेजवर किती लोड आहे ते क्लॅम्प मीटरनं दुपारी बाराला बघा आणि तुमचं कनेक्शन जास्त लोडच्या फेजवर घ्या. निम्मं दुखणं तिथंच जाईल. खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर बारीक आणि लांब असेल तर तीही बदला. बारीक वायरवर इन्व्हर्टरच्या तोंडाशी व्होल्टेज आणखी चार-पाच व्होल्टनं चढतं, आणि यंत्र तेवढंच बघतं.

आता गणित. आमच्याकडं तारांना प्राण्यांची नावं असतात. वीझल, रॅबिट, डॉग. प्राणी जेवढा मोठा तेवढी तार जाड. वीझलचा रोध किलोमीटरला साधारण ०.९३ ओहम, रॅबिटचा ०.५५, डॉगचा ०.२८. फीडरच्या सुरुवातीला डॉग किंवा रॅबिट असते आणि वाडीवस्तीकडं वळलं की वीझल.

समजा टोकाकडं ८ किलोमीटर वीझल आहे आणि शेवटी ६०० किलोवॅट लोड, पॉवर फॅक्टर (तारेतून ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) ०.८. मोटारींचा तो एवढाच असतो, कपॅसिटर कुणी लावत नाही. तर ११ हजारातले सव्वापाचशे-साडेपाचशे व्होल्ट वाटेत जातात, म्हणजे ४.८ टक्के. तारेच्या गरमीत ३५ किलोवॅट जातात. आता त्याच टोकाला दुपारी ४०० किलोवॅट सोलार चालू धरा. व्होल्टेजची घट २.३ टक्क्यांवर येते आणि गरमी १५ किलोवॅटवर. म्हणजे शेपटाला लावलेल्या प्लांटनं निम्म्याहून जास्त घट भरून निघते.

गंमत पुढं आहे. सोलारनं किलोवॅट दिले, पण मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी बिनकामाची वीज, म्हणजे केव्हीएआर, अजून सबस्टेशनहूनच येतात. मग त्या तारेवर पॉवर फॅक्टर किती दिसतो? ०.४१! नवा पोरगा ड्युटीवर असेल तर मीटर बिघडला म्हणून फोन करेल. तिथं ३०० केव्हीएआरचे कपॅसिटर बसवले तर घट १.६ टक्क्यांवर येते. इन्व्हर्टरही केव्हीएआर देऊ शकतो, सेटिंग करून घेतलं आणि परवानगी असली तर.

पण सीनाकाठ, या सगळ्यात तुझे शंभर व्होल्ट सापडत नाहीत. ११ हजारात ४.८ टक्के म्हणजे ४१५ मध्ये वीस व्होल्ट. उरलेले कुठं गेले? मला संशय तिसऱ्या वाटेचा आहे. वायरमनला बरोबर घे आणि दुपारी एकाच वेळी दोन ठिकाणी रीडिंग घ्या, डीपीच्या पेटीत आणि विहिरीवर. डीपीच्या पेटीत तू हात घालायचा नाहीस. एमआयडीसीत असलास म्हणून काय झालं.

---

कडबागंजी
मंगळवार, रात्री ९:१५

काका, एक विचारू का? आमच्या पाहुण्यांच्या गावात परवा वादळात ३३ ची लाईन तुटली. ऊन रखरखीत, प्लांट समोर चकाकतोय आणि गावात पंखा फिरंना. लोक कुंपणापाशी जाऊन शिव्या देऊन आले. आपलाच प्लांट आहे तर गावापुरता चालवायला काय होतं?

---

जुना_ऑपरेटर
मंगळवार, रात्री ९:५०

शिव्या देणाऱ्यांना माझ्याकडं पाठवा.

हे इन्व्हर्टर ग्रीडच्या तालावर चालतात. ताल थांबला की ते थांबलेच पाहिजेत, आणि ते बघायला यंत्रात वेगळी सोय असते. कारण एकच, लाईन बंद आहे म्हणून परमिट घेऊन माझा माणूस खांबावर चढलेला असतो. खाली कुणाचा तरी प्लांट किंवा जनरेटर उलटी वीज सोडत असेल तर तो माणूस वरच राहतो. मी एकाला तसं बघितलंय, जनरेटरवाल्यानं चेंजओव्हर (लाईन आणि जनरेटर एकावेळी जोडू न देणारा स्विच) लावला नव्हता. जास्त लिहीत नाही.

गावापुरतं बेट करून चालवता येतं, पण त्याला बॅटरी, ताल धरणारा वेगळा इन्व्हर्टर आणि वेगळं संरक्षण लागतं. लोडशेडिंगसाहेबांनी त्याचा खर्च सांगितलाच आहे.

---

पूर्वभाग
मंगळवार, रात्री १०:०२

काका, मान गये. मागाच्या कारखान्यात चेंजओव्हर उद्याच तपासून घेतो.

---

उसाचं_पाचट
बुधवार, सकाळी ९:२०

प्लांटवाल्यांसाठी एक. आमच्या बाजूला कारखान्याचं गाळप सुरू झालं की बगॅसची काजळी दोन-तीन कोसांवर उडते. अंगणातली धुणी काळी होतात, मग पॅनल काय पांढरे राहणार? आमच्या घरावरच्या पॅनलवर बोट फिरवलं तर काजळ लागतं. आठवड्याला पहाटे धुतो. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, चर्र करून तडा जायचा.

आणि मे महिन्यात वीज वाढेल असंही समजू नका. पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं की १४-१५ टक्के वीज कमीच देतं. आमच्याकडं फेब्रुवारीच चांगला जातो. सोलापूरच्या उन्हाचं कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

---

सीनाकाठ
रविवार, सायंकाळी ६:४५

मंडळी, उशीर झाला, पण रीडिंग घेऊन आलोय.

आज दुपारी १:१० ला वायरमनदादा डीपीवर आणि मी विहिरीवर, फोन चालू ठेवून. डीपी १०० केव्हीएची. कागदावर त्यावर १६ मोटारी, तारेवर २३. तारेवर टाकलेल्या चोरीच्या आकड्यांची गोष्ट इथं नको, गावात राहायचं आहे.

डीपीवर ३९८.
आमच्या विहिरीवर ३०६.

दादा फोनवर गप्प झाले, मग म्हणाले, "तुमच्या फाट्यावरच ९२ व्होल्ट गेले की ओ." आमचा फाटा डीपीपासून ८०० मीटर, त्यावर नऊ मोटारी. तार वीझल, मध्ये दोन जागी वेटोळे मारून जोडलेली. एका जोडावर दुपारच्या उन्हातही बारीक ठिणगी दिसत होती.

मग प्रयोग केला. फाट्यावरच्या तिघांना अर्धा तास मोटार बंद ठेवायला सांगितलं. दोघं तयार झाले, तिसरे आमचे भावकीतले तात्या म्हणाले, "तुझ्या मीटरसाठी माझा ऊस वाळवू का?" शेवटी आप्पांनी जाऊन तंबाखूची चंची पुढं केली तेव्हा तयार झाले. तीन मोटारी बंद झाल्या आणि आमच्याकडं ३३८ आलं! मोटारीचा आवाज बदललेला तात्यांनाही ऐकू गेला. पाईपातून पाणी एक वीतभर लांब पडायला लागलं.

---

जुना_ऑपरेटर
रविवार, रात्री ८:०५

शाबास रे.

८०० मीटर वीझल, नऊ मोटारी, एकेकीला साडेसात अँपिअर धरून माझ्या कागदावर ८८ व्होल्ट येतात. तुझा मीटर ९२ सांगतो. चार व्होल्ट त्या वेटोळ्यांचे. पहिल्यांदा ते दोन जोड नीट करून घ्या, ठिणगी पडतेय म्हणजे कडब्याच्या गंजीला आग लागायची वाट बघताय.

आता बघ, ११ केव्हीच्या आठ किलोमीटरला वीस व्होल्ट आणि एलटीच्या पाऊण किलोमीटरला ब्याण्णव. दाब कमी केला की तेवढ्याच ताकदीला करंट जास्त लागतो, आणि तो करंट तारेवर सांडतो. म्हणून उच्चदाब लाईन शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांना १०, १६ किंवा २५ केव्हीएची छोटी डीपी द्यायची, अशी एचव्हीडीएस योजना आपल्याकडं २०१८ मध्ये आली. ज्यांना मिळाली त्यांच्याकडं विचारून ये, मोटार जळायचं प्रमाण किती पडलं ते.

मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गानं पडतो. ३०६ भागिले ४१५, त्याचा वर्ग, म्हणजे ५४ टक्के. पाच एचपीची पाटी लावलेली मोटार पावणेतीनच्या ताकदीवर ओझं ओढते, वर करंट जास्त खाते, म्हणून जळते. रिवाइंडिंगवाल्याचा दोष नाही.

---

टेलएंड
रविवार, रात्री ८:४०

म्हणजे प्लांट टोकाला आणला असता तरी आप्पांचे ब्याण्णव व्होल्ट परत आले नसते. मी मंगळवारी एवढं लिहिलं आणि मूळ दुखणं शेवटच्या ८०० मीटरचं निघालं. मान्य.

तरी एक सांगतो. एलटी तारेवर करंट कमी करायचा दुसरा मार्ग सौर पंप आहे. सीनाकाठ, तारेवरच्या २३ मधले जे सात कागदावर नाहीत, त्यांच्यापैकी कुणी पैसे भरून कनेक्शनची वाट बघणारे आहेत का? मागेल त्याला सौर कृषी पंप योजना अशांसाठीच आहे. सर्वसाधारण गटाला १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यावर साडेसात. हे पंप ग्रीडला जोडलेले नसतात, पण त्यांनी आकडा काढला की तुमच्या तारेवरचा तेवढा भार कायमचा उतरतो. तीन मोटारी बंद झाल्यावर काय होतं ते तुम्ही बघितलंच आहे.

---

लोडशेडिंग_बारमाही
रविवार, रात्री ८:५१

साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाचं बिलच माफ आहे २०२९ च्या मार्चपर्यंत. आकडा टाकणाऱ्याला फुकटाचं काय कौतुक? कागदावर आला तरी फुकट, नाही आला तरी फुकट.

---

डाळिंबबाग
रविवार, रात्री ९:१०

दादा, कागदावर आला की डीपी त्या हिशोबानं मोठी मागता येते, हा फरक आहे. १६ मोटारींच्या कागदावर २३ ची डीपी कोण देईल? आमच्या वस्तीवर बायकांनीच हा हिशोब काढला होता, आकडेवाल्या चौघांना रीतसर अर्ज करायला लावला, मग दुसरी डीपी बसली. डाळिंबाला ठिबक असतं, दाब कमी पडला की शेवटच्या ओळीतली झाडं उपाशी राहतात, त्यामुळं आम्हाला गप्प बसणं परवडत नाही.

आणि काका, माझी फेज बदलली. शुक्रवार-शनिवार दुपारी इन्व्हर्टर एकदाही पडला नाही.

---

कडबागंजी
रविवार, रात्री ९:३०

ताई, अभिनंदन. सीनाकाठ, तात्यांना सौर पंपाचं तुम्हीच समजवा, तंबाखूचा खर्च मी देतो.

---

सीनाकाठ
सोमवार, रात्री १०:१५

तात्यांचंच नाव सातांत आहे. पैसे भरून तीन वर्षं झालीत त्यांना. काल रात्री टेलएंड यांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. आधी म्हणाले, "ढग आल्यावर पाणी कोण देणार, तुझा बाप?" आप्पा शेजारीच बसले होते. मग जरा वेळानं म्हणाले की अडीच एकराला तीन एचपी पुरते का ते सांग. उद्या त्यांची कागदं घेऊन केंद्रात जातोय.

आमच्या फाट्यासाठी वेगळ्या डीपीचा अर्ज लिहिलाय. सातबारा जोडलाय. काका, रीडिंग लिहू का त्यात, की उगाच शहाणपणा वाटेल?

---

जुना_ऑपरेटर
मंगळवार, सकाळी ६:१०

दोन्ही लिही. ३९८ आणि ३०६, तारीख, वेळ आणि फाट्यावरच्या मोटारींची संख्या. नुसतं ‘कमी दाबानं वीजपुरवठा होत आहे’ लिहिलेले अर्ज मी गठ्ठ्यानं बघितलेत. अर्जाची पोच घे. आणि जोडांचं काम आधी.

---

सीनाकाठ
मंगळवार, रात्री ९:०५

जोड आज झाले, वायरमनदादांनी परमिट घेऊन नवीन क्लॅम्प टाकले. दुपारी ३११.

आप्पांनी पंचांगाच्या वहीत आणखी एक रकाना आखलाय. वर लिहिलंय ‘डीपी’.